पुसणं

आमच्या माणदेशात 'पुसणं' या एका शब्दाला दोन कामं आहेत. पाटी पुसायची, डोळं पुसायचं, सणासुदीला देव्हारा पुसायचा, हे एक. आणि वाटेवर कुणी अनोळखी दिसला की 'पावणं, कुठलं म्हणायचं?' असं त्याला पुसायचं, हे दुसरं. 'कुणाला पुसून केलंस?' हा प्रश्न तर लहानपणी दिवसातून चारदा कानावर यायचा. या दोन अर्थांचा घोटाळा आमचा कधी झाला नाही. पुढं बाजाराच्या गावात मी फोटो स्टुडिओ घातला. रोल गेले, कॉम्प्युटर आला, आणि कार्डातून पुसून गेलेले फोटो परत काढून द्यायचं काम हळूहळू गळ्यात पडलं. तेव्हा हे दोन्ही अर्थ एका बाकड्यावर शेजारी येऊन बसले. ते अजून उठलेले नाहीत.

पहिल्यांदा हे काम काय असतं ते सांगतो. लोकांना वाटतं यात काहीतरी जादू आहे. तसं काही नाही. कार्डात दोन गोष्टी असतात, एक दप्तर आणि एक शिवार. दप्तरात लिहिलेलं असतं, की अमुक नावाचा फोटो शिवारातल्या अमुक तुकड्यापासून पुढं आहे. आपण 'डिलीट' दाबतो तेव्हा फोन शिवारात जातच नाही. तो नुसतं दप्तर उघडतो. जुन्या फोनच्या कार्डांत 'फॅट' नावाची मांडणी असायची. तिच्यात तो त्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथं एक खूण ठेवतो आणि ते तुकडे मोकळे म्हणून लावतो. बस्स. शिवारात पीक तसंच उभं असतं, फक्त त्याला मालक उरत नाही. पुढं कधी नवा फोटो काढला, गाणी भरली, की ती त्या मोकळ्या तुकड्यात पेरली जातात, आणि मग जुनं पीक खरोखर मोडतं. 'फॉरमॅट' मारलं तरी बहुतेक वेळा दप्तराची पानं कोरी होतात, शिवाराला नांगर लागलेला नसतो.

पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअरं या उभ्या पिकावर जगतात. ही काही कालची गोष्ट नाही. अमेरिकेत पीटर नॉर्टन नावाच्या माणसानं १९८२ सालीच असा प्रोग्राम लिहून विकायला काढला होता. मी वापरायचो ते फोटोरेक. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसानं लिहिलेलं आणि जगाला फुकट दिलेलं. ते दप्तराच्या भरवशावर राहत नाही. शिवाराच्या एका टोकाला उभं राहतं आणि तुकडा न् तुकडा तुडवत जातं. जेपेग फोटोची सुरुवात ठरलेल्या खुणेनं होते, एफएफ, डी८, एफएफ. ती खूण दिसली की इथनं फोटो सुरू, असं समजून ते पुढचं उचलतं. नाव मिळत नाही, फोल्डर मिळत नाही. एफ अक्षर आणि पुढं आकडा, एवढीच ओळख. कधी अर्धाच फोटो येतो, वर नवरीचं तोंड आणि खाली नुसता करडा पट्टा. म्हणजे त्या अर्ध्या वाफ्यात दुसरं काही पेरून झालेलं असतं.

आमच्या लोकांना हे समजावणं मला कधी जड गेलं नाही. ज्यानं हातानं लिहिलेला सातबारा बघितलाय, त्याला पुसणं आणि नाहीसं होणं यातला फरक सांगावा लागत नाही. जुन्या उताऱ्यावर हक्क संपलेलं नाव खोडून फेकत नव्हते. ते कंसात जायचं. बहिणीनं हक्कसोड दिली, की तिचं नाव कंसात. पण वाचता येतं. पन्नास वर्षांनी कुणी उतारा काढला, तर या मातीत ही बाई वाढली होती एवढं कळतं.

दुसरं उदाहरण झारेकऱ्यांचं. सोनाराच्या दुकानापुढची माती गोळा करून, पाण्यात धुऊन, तिच्यातला सोन्याचा कण वेगळा काढणारी ही माणसं. आणि आमच्या विटा-आटपाडी-खानापूर भागातले गलाईवाले तर देशभर पसरलेत. सोन्याचांदीची भट्टी हाच त्यांचा धंदा. माझा एक चुलतभाऊ त्यातच आहे. तो मला एकदा म्हणाला, "तुझं नि माझं काम एकच हाय. लोकांनी टाकलेल्यातनं काढायचं." मी म्हणालो, "एकच, पण फरक हाय. सोन्याच्या कणाला आपण कुणाच्या नाकातनं पडलो ते ठाऊक नसतं. फोटोला ठाऊक असतं."

बहुतेक दिवशी या फरकाचा त्रास होत नाही. लग्नाचं कार्ड चुकून कोरं झालं, पीकविम्याच्या पंचनाम्याचे फोटो पोरानं खेळता खेळता उडवले, बाळाच्या बारशाचे गेले. ज्याचं गेलं तोच दारात उभा. काढून द्यायचं, शेदोनशे घ्यायचे, चहा पाजायचा. यात विचार करण्यासारखं काय आहे? विचार तिथं सुरू होतो, जिथं पुसणारा एक असतो आणि मागायला आलेला दुसरा.

दहाबारा वर्षं झाली असतील. एक आबा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात आले. पोरगं गेलं होतं. चोवीस वर्षांचं. रात्रीच्या अंधारात रस्त्याकडेला उभ्या ऊसाच्या ट्रॉलीला मोटरसायकल मागनं धडकली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. फोनचा चुरा झाला, आतलं चार जीबीचं कार्ड तेवढं धड राहिलं. घरातल्या भाच्यानं ते दुसऱ्या फोनात घातलं. फोननं काहीतरी विचारलं, पोरानं 'हो' दाबलं, आणि कार्ड कोरं झालं. आबांनी धोतराच्या सोग्यातली गाठ सोडून कार्ड माझ्यापुढं ठेवलं. "भिंतीवर लावाय एक फोटू न्हाई बघ त्येचा. बारावीच्या फारमावरला हाय, त्यो कसला, मिसरूडबी फुटलं नव्हतं."

मी माझ्या नेमाप्रमाणं आधी विचारलं, "आबा, यात पोरानं आपल्या हातानं पुसलेलंबी वर येतं. ते काढू का?"

आबा म्हणाले, "सोसायटीचं त्येचं कर्ज माझ्यावर आलं. गाडीचं हप्तं माझ्यावर आलं. मग त्येचं जे असंल ते समदं माझंच की. एक बी सोडू नगंस."

या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. आजही नाही. कायदा तरी दुसरं काय सांगतो? वारसानं घ्यायचं तर जमीनही घ्यायची आणि बोजाही घ्यायचा.

रात्री कार्ड लावलं. सातआठशे फोटो वर आले. बैलं, ज्वारीचं खळं, सिद्धनाथाच्या रथावरचा गुलाल, मित्रांची टोळकी, आई चुलीपुढं, आई शेरडामागं, आई नको नको म्हणत तोंडापुढं पदर धरताना. आणि लक्षात आलं, की यातल्या कशातच पोरगं नाही. कसं असणार? फोन त्याच्या हातात. फोटो काढणारा आपल्या फोटोत नसतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तो होता एकतीस फोटोंत. आणि त्या एकतिसात कधी त्याच्याबरोबर, कधी एकटी, एक मुलगी होती. विहिरीच्या काठावर, बाभळीखाली, जत्रेच्या पाळण्यापाशी. वंगाळ काही नव्हतं, एवढं सांगून ठेवतो. दोन माणसं एकमेकांकडं बघून हसत होती, एवढंच. मुलीला मी ओळखलं. आदल्या मे महिन्यात तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. नवरा दुसरा.

आता हे एकतीस फोटो भाच्याच्या चुकीनं गेले, की पोरानं स्वतः पुसले होते? फोटोरेकला ते सांगता येत नाही. त्याच्या लेखी सगळं पीक सारखंच. पण त्या मांडणीत फॉरमॅटनंतरही कॅमेऱ्याच्या फोल्डरचं जुनं पान कधीकधी शिवारातच पडून राहतं. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरनं मला ते सापडलं. नावांची यादी सरळ होती. मधूनच काही नावांचं पहिलं अक्षर गायब होतं. मोजली. त्यात अंधुक, हललेले, नेहमी पुसतो तसले पाचसहा होते, आणि हे एकतीस. एकतीसच्या एकतीस. काढल्याची तारीख फोटोच्या पोटात असते, पुसल्याची तारीख मात्र कुठंच राहत नाही. तिच्या हळदीच्या रात्री पुसले, की वर्षभर रोज एक पुसत गेला, हे त्याच्याबरोबर गेलं. पुसले त्यानंच, हे मात्र तिथं लिहिलेलं होतं.

आमच्याकडं दहाव्याला नदीच्या काठावर पिंड ठेवतात आणि सगळी भावकी कावळ्याची वाट बघत उभी राहते. कावळा शिवला नाही की एकेक जण हात जोडून म्हणतो, पोरीचं लग्न करू, कर्ज फेडू, म्हातारीला सांभाळू. मेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल याचा अंदाज चाललेला असतो. कुणी याला अंधश्रद्धा म्हणेल. मला त्यात एक गोष्ट मोठी वाटते. गेलेल्या माणसाचंही काही म्हणणं असतं, आणि ते कळेपर्यंत जेवायला बसायचं नाही, एवढा मान आपण त्याला देतो. इथं तर अंदाज करायची गरजच नव्हती. पोरानं आपल्या अंगठ्यानं एकतीस वेळा सांगितलं होतं, हे राहू नये.

शिवाय फोटोत ती होती. मेलेल्याच्या हक्काचं काय व्हायचं ते होवो, ती जिवंत होती आणि नांदत होती. सामाईक खात्यातली जमीन एका भावाला दुसऱ्याच्या सहीशिवाय विकता येत नाही, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. फोटोतही दोघांचं खातं. एकाचा वारस दारात उभा आहे म्हणून दुसऱ्याचा हिस्सा त्याच्या हातात कसा द्यायचा? आबा भले माणूस. पण फोटो घरात गेला की तो घरातल्या सगळ्यांचा होतो, मग वाडीचा होतो, मग तिच्या सासरचा.

मी हे घरी बोललो. नाव न सांगता. बायको म्हणाली, "बाप हाय त्यो. आई तिकडं भिंतीकडं बघत बसली आसंल. काय द्यायचं नि काय न्हाई, ह्ये ठरवायला तुमाला कुणी नेमलंय?"

हा प्रश्न खरा आहे. मला कुणीच नेमलेलं नव्हतं. पण माझ्या लहानपणी गावात पत्र आलं की पोस्टमननंच वाचून दाखवायचं, नाहीतर शाळेच्या मास्तरांनी. मुंबईच्या गिरणीतला नवरा काय लिहितो, कुणाला पैसे पाठवतो, कुणाची चौकशी करतो, सगळं त्यांना ठाऊक. त्यांनाही कुणी नेमलं नव्हतं. पण ते ओट्यावर पत्र वाचताना आजूबाजूला कोण बसलंय ते बघायचे, आणि एखादी ओळ घरात जाऊन हळू आवाजात वाचायचे. ज्याच्या डोळ्यांवरनं दुसऱ्याची गोष्ट जाते, त्याला काही ठरवावंच लागतं. मी ठरवणार नाही असं म्हणून सगळं ओतून देणं, हेसुद्धा ठरवणंच आहे.

'आलं नाही' असं सांगणं सगळ्यात सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण आबांनी विश्वासानं सोग्याची गाठ सोडली होती. आणि या धंद्यात 'आलं नाही' या शब्दाला किंमत आहे. तो शब्द खोटा वापरायला लागलो, तर खरोखर येत नाही तेव्हा काय सांगायचं?

एकतिसात एक फोटो असा होता, की त्यात तो एकटा. विहिरीच्या थारोळ्यावर बसलेला, केस ओले, समोर बघून हसतोय. तोही त्यानंच पुसलेला. इथं मी बराच वेळ अडकलो. त्याचं म्हणणं मानायचं, तर हाही द्यायचा नाही. पण त्यानं तिला लपवलं होतं. आपलं तोंड आईपासून लपवण्याचं त्याला काही कारण नव्हतं, असं मला वाटलं. हा अंदाजच, कावळ्यापुढं हात जोडून करतात तसला. तरी त्या अंदाजानं जिवंत कुणाला धक्का लागत नव्हता, आणि एका आईला पोराचं तोंड मिळत होतं. मी तो मोठा करून फ्रेम केला.

आबा आले. मी सगळं सांगितलं. "हे सातशे त्यानं ठेवलेले, ते सगळे सीडीत घातलेत. त्यानं पुसलेल्यातला हा एक देतोय. तीस ऱ्हायलेत. ते त्याच्या एकट्याचे न्हाईत, म्हणून मी देणार न्हाई."

आबांनी विचारलं, "मग कुणाचं?"

"ते पुसू नका, आबा."

आबा बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "बरं." फ्रेम टॉवेलात गुंडाळली. पैसे मी घेतले नाहीत, त्यांनी टेबलावर ठेवले आणि गेले.

बाजारच्या दिवशी मावशी आल्या. फोटो छान आला म्हणून सांगायला आल्या होत्या. उठता उठता म्हणाल्या, "कुणाकडं बघून हासतंय रं माजं लेकरू?"

मी म्हणालो, "फोटो काढणाऱ्याकडं."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "मग काढणाऱ्याचा हात चांगला म्हणायचा," एवढंच बोलल्या.

त्या तीस फोटोंच्या प्रती माझ्या कॉम्प्युटरवर होत्या. नुसतं डिलीट करून भागणार नाही हे मला माहीत. त्या जागेवर दुसरं काही पेरल्याशिवाय पीक मोडत नाही. म्हणून मोकळ्या जागेवर शून्यं लिहिणारा प्रोग्राम चालवला, कार्डावर आणि डिस्कवर दोन्हीकडं. रात्रभर चालला. हे काम लोक करत नाहीत. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ साली त्यांचा अभ्यास छापला. चालू निघाल्या १२९. त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२. एक तर एटीएम मशीनमधली होती, लोकांच्या खात्यांचे आकडे अजून आत. पुसलं या समजुतीवर माणसं निवांत झोपतात.

आता कायदाही या वाटेनं यायला लागला आहे. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात कंपनीकडं असलेली आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, आणि आपण गेल्यावर असले हक्क कुणी बजावायचे, त्याचं नाव नेमून ठेवण्याची तरतूदही आहे. चांगलं आहे. पण चोवीस वर्षांचं पोरगं कुणाला नेमून ठेवतं? आणि माझ्या टेबलावरच्या कार्डापर्यंत तो कायदा येतो तरी कुठं?

नव्या फोनांनी मात्र वेगळीच तोड काढली आहे. आतला साठा कुलूपबंद असतो, आणि पुसलेली जागा फोन स्वतःच मागाहून साफ करून टाकतो. तिथं फोटोरेक चालवून हाती काही लागत नाही. धंदा बसला, पण डोक्याचा भार हलका झाला असं म्हणता येत नाही. कारण तो फोनही पुसणाऱ्याचं मन बघत नाही. चुकून गेलेलं बाळाचं बारसं आणि ठरवून पुसलेली विहीर, तो दोन्ही सारखंच मोडतो. आधीचं यंत्र सगळंच परत द्यायचं, आताचं काहीच देत नाही. यातलं काय राहावं आणि काय जावं, हा प्रश्न दोन्ही यंत्रांनी माणसावरच सोडला आहे.

अजून कॅमेऱ्याची कार्डं येतात, पेन ड्राइव्ह येतात, जुने फोन येतात. मध्यंतरी एक जण बायकोच्या जुन्या फोनचं कार्ड घेऊन आला. "हिनं काय काय पुसलंय तेवढं काढून द्या, म्हणाल तेवढे पैसे देतो." मी म्हणालो, "ताईंना घेऊन या, त्यांच्यादेखत काढतो." तो कार्ड उचलून, मला दोन शिव्या देऊन गेला. तालुक्याच्या स्टँडसमोर असलं काम करणारी तीन दुकानं आहेत, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही. माझ्या नाही म्हणण्यानं त्या बाईचं रक्षण झालं, असं मी स्वतःला सांगत नाही. एवढंच, की ते माझ्या हातून झालं नाही.

म्हणून कार्ड टेबलावर आलं की केबल लावायच्या आधी मी एकच विचारतो. "पुसलं कुणी?" काहींना राग येतो. काही जण थोडं थांबतात, कार्डाकडं बघतात आणि म्हणतात, "ऱ्हाऊ द्या. विचारून येतो."